म्हाताऱ्या घोड्याची लाल लघवी: 'उष्णता' म्हणून सोडून देऊ नका

पाचगणीजवळच्या एका गावातून प्रश्न आला आहे. घोडा 22 वर्षांचा, खच्ची केलेला. उमेदीची सगळी वर्षं टेबल लँडवर फेऱ्या मारण्यात गेली, आता फक्त सुट्टीच्या दिवसांत लहान मुलांना बसवतात. दोन महिन्यांपासून तो सारखा पाय ताणून उभा राहतो, थेंब थेंब लघवी करतो, आणि फेरी मारून आला की लघवी लालसर येते. मागच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस गेलेत. शेजाऱ्यांनी 'उष्णता झालीय' म्हणून धने-जिऱ्याचं पाणी द्यायला लावलं. मग तीन वेळा अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांचा कोर्स झाला. इंजेक्शनं चालू असली की बरं वाटतं, थांबली की आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी विचारलंय: 'डॉक्टर, वय झालंय म्हणून आता हे असंच चालायचं का?'

नाही. वय झालं म्हणून कुठल्याच घोड्याची लघवी लाल होत नाही. तुमच्या घोड्याच्या मूत्राशयात खडा असावा असा माझा दाट संशय आहे. हात घालून तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलेली चारही लक्षणं त्याच दिशेला बोट दाखवतात.

इंजेक्शनांनी तात्पुरतं बरं का वाटतं, ते आधी सांगतो, कारण तिथंच बहुतेक जण फसतात. माणसाला, विशेषतः बायकांना, लघवीचा जंतुसंसर्ग एकटाच होऊ शकतो. घोड्यात तसं क्वचित घडतं. त्याचं मूत्राशय रोज नीट रिकामं होत असेल तर जंतूंना तिथं ठाण मांडायला जागाच मिळत नाही. जंतू सापडले तर त्यांच्या मागे दुसरं काही तरी असतं: खडा, लुळं पडलेलं मूत्राशय, लिंगाच्या टोकाशी साचलेला मळ किंवा गाठ. औषधानं जंतू मरतात, सूज उतरते, घोडा चार दिवस मोकळा होतो. खडा मात्र जागेवरच असतो. त्याच्या खाचाखोचांत दडलेले जंतू पुन्हा वाढतात. म्हणून चौथा कोर्स सुरू करू नका. शिवाय त्या तीन कोर्समध्ये जेंटामायसिन होतं का, ते चिठ्ठी काढून बघा. हे औषध किडनीला जड जातं, आणि म्हाताऱ्या घोड्याला रक्ततपासणी न करता पुन्हा पुन्हा देणं मला मान्य नाही.

आता घोड्याची निरोगी लघवी कशी असते तेही सांगतो, कारण चांगल्या लघवीला घाबरून आलेले लोकही मी खूप पाहिलेत. घोड्याची लघवी माणसासारखी नितळ नसते. ती पिवळसर, गढूळ असते, कधी ताकासारखी दाट, बोटाला लावली तर चिकट तार सुटते. त्यात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, बारीक कण आणि शेंबडासारखा द्रव असतो. गायीम्हशी वैरणीतलं कॅल्शियम गरजेपुरतंच शोषून घेतात. घोडा मिळेल तेवढं शोषतो आणि नको असलेलं लघवीवाटे टाकून देतो. त्यामुळे तबेल्याच्या फरशीवर पांढरा खर जमतो, त्यात काळजीचं काही नाही. दुसरं म्हणजे, ताजी असताना पिवळी असलेली लघवी उन्हावाऱ्यात जमिनीवर राहिली की तांबूस-तपकिरी होते. तेही नैसर्गिकच.

म्हणून रंग जमिनीवर बघू नका. पांढरा प्लास्टिकचा मग घ्या आणि धार चालू असताना त्यात धरा. धार सुरुवातीलाच लाल असेल तर गडबड खालच्या नळीत. शेवटी शेवटी लाल होत असेल तर मूत्राशयात किंवा त्याच्या तोंडाशी. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी लाल असेल तर किडनीपासून मूत्राशयापर्यंत कुठेही. नंतर तो मग तासभर न हलवता ठेवा. लाल गाळ तळाशी बसून वर पिवळं राहिलं, तर ते रक्त. सगळंच कॉफीसारखं एकरंगी राहिलं, तर ते रक्त नव्हे, रक्तातला किंवा स्नायूंतला रंग आहे आणि आजार वेगळा आहे. खूप दिवस बांधून ठेवलेल्या घोड्याला एकदम पळवलं आणि तो घामेजून, पुठ्ठे दगडासारखे कडक करून उभा राहिला, तर ते स्नायूंचं दुखणं. ताप, पिवळे डोळे आणि अंगावर गोचीड असतील तर गोचिडांतून रक्तात शिरणाऱ्या बॅबेसिया या परजीवीचा संशय घ्यायचा. दोन्हींत त्याच दिवशी डॉक्टर हवा.

तुमच्या घोड्याला विश्रांतीच्या दिवशी लघवी बरी आणि फेरीनंतर लाल, ही खड्याची अगदी ओळखीची खूण आहे. चालताना, विशेषतः दुडक्या चालीत, खडा मूत्राशयाच्या अस्तरावर घासतो आणि रक्त येतं. घोड्यातले बहुतेक खडे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि किडनीपेक्षा मूत्राशयातच जास्त सापडतात. घोडीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असल्यामुळे लहान खडे आपोआप पडून जातात. घोड्याची नळी लांब आणि अरुंद, त्यामुळे हा त्रास मुख्यतः नरांत, त्यातही खच्ची केलेल्यांत दिसतो.

तपासणी कशी होते ते सांगतो, म्हणजे डॉक्टर आल्यावर तुम्ही घाबरणार नाही. लांब हातमोजा घालून, भरपूर वंगण लावून हात गुदद्वारातून आत घालायचा. नवखे डॉक्टर इथं चुकतात: पोटशूळ तपासायच्या सवयीनं हात कोपरापर्यंत आत जातो आणि खडा मागेच राहतो. तो मनगटाएवढ्या अंतरावरच असतो, ओटीपोटाच्या हाडाच्या कडेशी. मूत्राशय भरलेलं असेल तर तो लपतो, म्हणून आधी नळी घालून लघवी काढायची आणि मग चाचपायचं. वाई भागातल्या एका घोड्याचा खडा अजून माझ्या बोटांना आठवतो. चिकूएवढा, पण चिकूसारखा गुळगुळीत नव्हे. तळहाताखाली आतड्याची आणि मूत्राशयाची अशा दोन भिंती असूनही गोखरूचा काटा लागावा तसा खरखरीत लागत होता. काढल्यावर पाहिलं, तर हिरवट पिवळा, सगळीकडून टोकं आलेला. असला खडा पोटात घेऊन तो घोडा आठ महिने फिरला होता, आणि लोक म्हणत होते, आळशी झालाय.

ही तपासणी घरच्या कुणीही करून बघू नये. घोड्याचं आतडं पातळ असतं, फाटलं तर घोडा जातो.

खडा सापडला तर पुढचा प्रश्न ऑपरेशनचा. गोळीनं, काढ्यानं विरघळणारा हा खडा नाही. हे सांगताना वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवण्यापेक्षा ते बरं. दोन मुख्य रस्ते आहेत. घोड्याला उभ्या उभ्या गुंगीचं औषध आणि कण्याजवळ भूल देऊन शेपटीखालून मूत्रनलिका उघडायची आणि खडा फोडून किंवा अखंड बाहेर काढायचा. नाहीतर पूर्ण भूल देऊन पोटातून मूत्राशय उघडायचं. म्हाताऱ्या घोड्यात पहिला रस्ता पुष्कळदा सोयीचा पडतो, कारण पूर्ण भुलेतून उठताना पडझडीचा धोका टळतो. कोणता घ्यायचा हे खड्याच्या आकारावर ठरतं. घोडीत मात्र बहुतेक वेळा चिरफाड लागत नाही, गुंगी आणि भूल देऊन हातानंच काढता येतो.

22 हे वय एकटं ऑपरेशनच्या आड येत नाही. किडनी येते. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन, युरिया आणि कॅल्शियम बघायचं आणि दोन्ही किडन्यांची सोनोग्राफी करायची. किडनीतही खडे असतील, किंवा किडनीच थकलेली असेल, तर निर्णय बदलतो. एक गोष्ट ध्यानात असू द्या: किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन वाढत नाही, त्यामुळे 'रिपोर्ट थोडाच वर आहे' याला थोडं समजू नका. तुम्हाला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. आधी फोन करून घोड्याची सोय विचारा, मगच गाडी ठरवा. म्हातारं जनावर घाटातून खाली उतरवायचं म्हणजे त्याच्यावरही ताण येतो.

आता वैरणीचं. तुम्ही लिहिलंय की तो बारीक झाला म्हणून गेली दोन वर्षं रोज हिरवा लसूणघास पोटभर घालता. हेतू चांगला होता, पण हिशेब बघा. साडेतीनशे किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला दिवसाला साधारण 14 ग्रॅम कॅल्शियम पुरतं. वाळवलेल्या लसूणघासात किलोला 12 ते 15 ग्रॅम असतं. चार किलो वाळक्या घासाएवढा हिरवा घास खाल्ला, तरी 50 ते 60 ग्रॅम पोटात गेलं. जास्तीचं सगळं लघवीतून बाहेर. बोअरच्या जड पाण्यामुळे खडा झाला असं माण-खटावकडं आणि जतकडं मला हमखास ऐकायला मिळतं. लिटरला 200 मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं खूप जड पाणी धरलं, तरी 20 लिटरमधून 4 ग्रॅमच जातं. म्हणजे पाण्यापेक्षा वैरण कितीतरी भारी. अर्थात लसूणघास खाणाऱ्या प्रत्येक घोड्याला खडा होत नाही. लघवी साचून राहणं, अस्तराला इजा होणं, हेही त्यात येतं. पण ज्याला एकदा झाला, त्याला लसूणघास बंद.

बंद करताना दुसऱ्या टोकाला जाऊ नका. आपल्याकडे घास बंद म्हटलं की उसाचं वाढं आणि गव्हाचा कोंडा सुरू होतो, फुकट किंवा स्वस्त मिळतं म्हणून. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. कोंड्यात फॉस्फरस भरपूर. दोन्ही मिळून महिनोन्महिने घातलं तर घोड्याची हाडं पोकळ होतात, जबड्याची हाडं फुगतात. डोंगरी गवत, कडबा कुट्टी आणि थोडी चंदी हे ठीक. दात झिजले असतील तर कुट्टी बारीक करून भिजवून द्या. आणि दात खरोखर कुणाला तरी दाखवा, तो बारीक होण्याचं कारण तिथंच असू शकतं.

घरगुती उपायांबद्दल कुणाला दुखवायचं नाही, पण साफ बोलतो. धने-जिऱ्याचं पाणी निरुपद्रवी आहे, फक्त त्यात वेळ गेला. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराईड, काही जण देतात. त्याला शास्त्रात आधार आहे, त्यानं लघवी आम्लधर्मी होते. पण घोड्याची लघवी मुळातच इतकी क्षारधर्मी असते की बराच नवसागर द्यावा लागतो, त्याच्या चवीनं घोडा चंदी सोडतो, आणि तयार मोठा खडा त्यानं जात नाही. खडा काढल्यानंतर पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरता येतो, मनानं नाही. लघवी उतरावी म्हणून लिंगाच्या तोंडात मिरी किंवा तिखट घालण्याचा प्रकार अजूनही कुठे कुठे चालतो. घोडा जळजळीनं तडफडतो आणि नळीला सूज येते. कृपा करून कुणी करत असेल तर त्याचा हात धरा.

सगळ्यात घातक म्हणजे लघवी तुंबलेल्या घोड्याला लघवी वाढवणारं, लॅसिक्ससारखं, इंजेक्शन देणं. खडा नळीत अडकून वाट पूर्ण बंद झाली असेल तर मूत्राशय भरतच जातं आणि फुटतं. अशा घोड्याचं लिंग बाहेर लोंबतं, तो जोर करतो, थेंबही पडत नाही, घाम येतो, पाय आपटतो. खडा बहुधा शेपटीखाली, नळी जिथं वळसा घेते तिथं अडकतो. मग अचानक घोडा शांत होतो. मालक म्हणतो, 'बरं वाटलं वाटतं.' ती शांतता मूत्राशय फुटल्याची असू शकते. गुंगीच्या झायलाझीनसारख्या औषधांनीही लघवी वाढते, म्हणून तेही अंदाजानं टोचून घेऊ नका. थेंबही पडत नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा.

याच्या उलट चूकही होते, आणि ती माझ्याकडून झालेली आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत मेढ्याकडच्या एका गावात घोडा पाय ताणून उभा होता. मालक ठामपणे म्हणाला, लघवी तुंबलीय. मीही त्याच्याच शब्दावर चाललो आणि नळी घालण्यात वेळ घालवला. मूत्राशय जवळपास रिकामं होतं. आतड्याला पीळ पडला होता. पोटात दुखणारा घोडा पोटावरचा ताण हलका करायला असाच ताणून उभा राहतो, आणि खरोखर तुंबलेल्यांपेक्षा असे घोडे कितीतरी जास्त असतात. तो घोडा वाचला नाही. तेव्हापासून मी आधी कान लावून आतड्याचा आवाज ऐकतो, नाडी मोजतो, लीद केव्हा टाकली ते विचारतो. तुम्हीही फोनवर हे तिन्ही सांगू शकलात तर डॉक्टरचा अर्धा तास वाचेल.

खच्ची घोड्यात आणखी एक साधी गोष्ट बघायला हवी, आणि ती कुणी बघत नाही. लिंगाच्या टोकाशी, मूत्रद्वाराच्या भोवती एक खोबण असते. तिथं मळ साचून कडक होतो, चिंचोक्याएवढा, कधी त्याहून मोठा. तो मूत्रद्वार दाबतो आणि धार वाकडी, फाटकी येते. गुंगी देऊन, कोमट पाण्यानं ओलं करून तो बोटानं अलगद बाहेर येतो. राखाडी, मेणासारखा, वास असह्य. खोळ साफ करताना साबण जोरकस नको, आणि दर आठवड्याला तर नकोच. त्याच वेळी कातडी नीट बघा. न भरणारा व्रण, फ्लॉवरसारखी गाठ, रक्ताळ पू दिसला तर तो कर्करोग असू शकतो. म्हाताऱ्या घोड्यांत, विशेषतः तिथली कातडी गुलाबी असलेल्यांत, तो होतो. लवकर सापडला तर कापून काढता येतो. उन्हाळ्यात माश्यांमुळे होणारे जंताचे व्रणही तसेच दिसतात, त्यामुळे तुकडा तपासल्याशिवाय कुणीही छातीठोक सांगू नये.

कधी कधी खडा नसतो, तरी लघवी गळते. आटपाडीकडच्या एका धनगर कुटुंबाची म्हातारी घोडी अशीच आली होती, बिऱ्हाड वाहणारी. शेपूट दोरीसारखी लुळी, मागचे पाय लटपटत, चालताना दर पावलाला लघवीची चिळकांडी. मूत्राशयात हाताला ओल्या वाळूचं पोतं लागावं तसा गाळ. अशा वेळी दोष मज्जातंतूंचा असतो, मूत्राशय आकसत नाही आणि चुन्याचा गाळ तळाशी बसतो. ती घोडी कित्येक आठवडे हिरव्या ज्वारीच्या फुटव्यावर चरत होती. कोवळ्या ज्वारीनं गुरांना किराळ लागते हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. घोड्यात तीच विषारी द्रव्यं हळूहळू पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंचा नाश करू शकतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. चांगल्या वाळलेल्या कडब्याची तशी भीती नाही. आम्ही मूत्राशय धुऊन काढलं, ज्वारी बंद केली, ती काही महिने बऱ्यापैकी राहिली. पण मज्जातंतू एकदा गेले की पूर्ण परत येत नाहीत, हे त्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

लघवी कमी नव्हे तर फार होत असेल, तर वाट वेगळी. चोवीस तासांत घोडा किती पाणी पितो ते बादलीनं मोजा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला 17 ते 21 लिटर हे सर्वसाधारण, उन्हात आणि कामात थोडं जास्त. 35 लिटरच्या वर रोज जात असेल तर तपासा. पंधरा वर्षांच्या पुढचा घोडा, उन्हाळ्यातही न झडणारे लांब कुरळे केस, पुन्हा पुन्हा दुखणारे खूर, असं असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा आजार, ज्याला कुशिंग म्हणतात. बारीक होत जाणं, पोटाखाली सूज आणि पाण्यासारखी नितळ लघवी असेल तर किडनी. पण पोटाखालच्या सुजेला आणि बारीक होण्याला सर्रा, म्हणजे चावऱ्या माश्यांमुळे रक्तात शिरणाऱ्या परजीवीचा आजार, हाही कारण असतो, त्यामुळे काचेवर रक्ताचा थेंब घेऊन तपासून घ्या.

सांधे दुखतात म्हणून म्हाताऱ्या घोड्यांना वेदनाशामक सर्रास दिली जातात. फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन ही औषधं वाईट नाहीत, पण घोडा पाणी कमी पीत असताना रोज दिली तर किडनीचा आतला भाग मरतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत घोडे गार पाण्याला तोंड लावत नाहीत. तिथं कोमट पाणी ठेवलं की फरक पडतो. माणसांचं डायक्लोफेनॅक तर अजिबात नको. गिधाडं मेल्यामुळे 2006 पासून जनावरांसाठी ते बंदच आहे.

तुमच्या घोड्यासाठी आजपासून एवढं करा. पाठीवर कुणालाही बसवू नका, सावकाश चालवा. फरशीवर बांधला असेल तर खाली उसाचं पाचट जाडसर अंथरा. अंगावर शिंतोडे उडतात म्हणून घोडा कडक जमिनीवर लघवी धरून ठेवतो. मागचे पाय दिवसातून दोनदा कोमट पाण्यानं धुवा, टिपून कोरडे करा आणि व्हॅसलिनचा पातळ थर द्या. पायांवर जमलेला पांढरा खर नखानं खरवडू नका, कातडी सोलते. चंदीत मीठ घालून पाणी वाढवायचा सल्ला मी एरवी देतो, दिवसाला 40 ग्रॅमपर्यंत. पण किडनीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा. सकाळी लघवीचा नमुना पॅथॉलॉजीच्या निर्जंतुक डबीत, धारेच्या मधला भाग घ्या आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवून तासाभरात पोचवा. जंतूंचं कल्चर करून मगच औषध ठरेल.

सगळं होऊनही दोन्ही किडन्या गेल्याचं दिसलं, तर मी तुम्हाला ऑपरेशन करा म्हणणार नाही. तेव्हा त्याला दुखू न देता किती दिवस चांगले काढता येतील, एवढंच आपण बोलू. पण त्याआधी एकदा हात घालून तपासून घ्या. रक्ताचा रिपोर्ट आणि मगातल्या लघवीचा दिवसाउजेडी काढलेला फोटो पाठवा. फोटोसोबत ती फेरीच्या आधीची की नंतरची तेही लिहा.